पंचवीस माड, बाकी एक



गेल्या वर्षी पाऊस संपता संपता दोघे भाऊ आमच्याकडे ऑफिसात आले. कोणाच्या घरचे ते विचारू नका. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहोत, आणि ओळख पटू नये म्हणून माडांचा आकडाही बदलला आहे. वडील पूर्वीच गेलेले, आई जाऊन वर्ष झाले होते. वर्षाची मिस्सा झाली, आता वाटणीचे बघू या, असे त्यांनी ठरवले होते. थोरल्याने खिशातून वहीचे पान काढले. त्यावर शाळेत मांडतात तसा भागाकार मांडला होता.

"फादर, पंचवीस माड आसत. आमका दोघांका बारा-बारा. एक ऱ्हवता, तो इगर्जेक."

आम्ही खूश झालो, हे कबूल केले पाहिजे. आपणहून कोणी माड देतो म्हटल्यावर कोणता धर्मगुरू नको म्हणेल? भांडण नाही, वकील नाही, दोघा भावांचे एकमत आणि वर देवाचा वाटा. आम्ही त्यांना आशीर्वाद दिला, चहा पाजला आणि रविवारी मिस्सानंतर मंडळाच्या सभासदांना सांगू म्हणालो. ते गेल्यावर दिवा मालवताना सहज आठवले की आईच्या अंत्यविधीला पहिल्या बाकावर तिघे बसले होते. तिसरी बहीण. लग्न होऊन मुंबईला गेलेली, आईच्या शेवटच्या आजारपणात चार महिने रजा टाकून इथे येऊन राहिलेली. त्या वहीच्या पानावर ती कुठे होती?

मग आम्ही त्याच कागदाच्या मागे स्वतः भागाकार मांडला. पंचविसाला तिनाने भागले. आठ-आठ-आठ, बाकी एक. म्हणजे दोघांत वाटा किंवा तिघांत वाटा, चर्चला माड एकच मिळणार होता. आमचे काहीच कमी होत नव्हते आणि म्हणूनच आमच्या लक्षात काही आले नव्हते. शाळेत गुरुजी भागाकाराचा ताळा करायला शिकवत: भाजकाने भागाकाराला गुणा, त्यात बाकी मिळवा, भाज्य आले की गणित बरोबर. दोन गुणिले बारा अधिक एक, पंचवीस. तीन गुणिले आठ अधिक एक, पंचवीस. ताळा दोन्हीकडे जुळतो. भाजक खरा धरला की खोटा, हे ताळ्याला कळत नाही. एक माणूस सबंध गाळले तरी गणित चोख येते.

या चुकीसाठी त्या भावांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही. अगदी हीच चूक आम्ही स्वतः केलेली आहे, आणि ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहे.

१६ मे २०२१. प्रभूच्या स्वर्गारोहणाचा रविवार. करोनामुळे चर्चची दारे बंद होती आणि बाहेर तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून चालले होते. कौले उडाली, माड आडवे झाले, विजेचे खांब कोसळले, कित्येक वाड्यांत दिवसचे दिवस अंधार होता. त्या आठवड्यात बाहेरच्या काही दानशूर मंडळींनी आपल्याकडे नऊशे किलो तांदूळ पाठवला. आपल्या यादीत वादळाचा फटका बसलेली साठ घरे होती. नऊशे भागिले साठ, पंधरा. बाकी शून्य! इतका सुंदर भागाकार पाहून आम्हाला त्यात देवाची योजनाच दिसली. प्रत्येक घराला पंधरा किलोची पिशवी बांधली. एक दाणा इकडे नाही, एक दाणा तिकडे नाही. कोणी बोट दाखवू नये म्हणून वजनकाटाही बाहेर पडवीत ठेवला.

एक म्हातारी बाई पिशवी घ्यायला आली. तिच्या घरात नऊ माणसे. तिने तक्रार केली नाही. पिशवी डोक्यावर घेण्यापूर्वी एवढेच विचारले, "फादर, ह्या घरामागे काय माणसामागे?"

आम्ही म्हणालो, "घरामागे, आजी. सर्वांना सारखे."

ती बरे म्हणून गेली. तिच्या मागे उभ्या असलेल्या घरात दोनच माणसे होती, त्यांनाही पंधरा. म्हणजे एका घरात माणशी साडेसात किलो आणि दुसऱ्या घरात पावणेदोन किलोही नाही. साठ घरांत मिळून माणसे होती तीनशे. माणशी तीन किलो धरले असते तर आजीच्या घरी सत्तावीस किलो गेले असते आणि मागच्या घरी सहा. तांदूळ तेवढाच, बाकी तेव्हाही शून्यच आली असती. आम्ही आजीच्या घरातून बारा किलो तांदूळ काढून घेतला होता आणि तो वजनकाट्यावर मोजून, सर्वांच्या देखत, न्यायाने काढून घेतला होता.

याहून लाजिरवाणी गोष्ट ही, की हा धडा आम्ही वेदीवरून कितीदा वाचला आहे. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात रानात मान्ना पडतो तेव्हा मोशे लोकांना माप ठरवून देतो. ते माप तंबूमागे नाही. प्रत्येकाने आपल्या तंबूत जितकी माणसे असतील त्यांच्यासाठी माणशी एक ओमर गोळा करायचा. म्हणजे भाजक कोणता धरायचा, तंबू की माणूस, हा प्रश्न तिथे सुटलेला आहे. वाचताना आमचे सारे लक्ष मान्नाच्या चमत्कारावर असे. मापाच्या वाक्यावरून नजर नुसती पुढे सरकत असे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा पाचवा भाग आम्हाला परीक्षेला होता. न्याय म्हणजे एक प्रकारची समानता, असे तो म्हणतो, पण लगेच सावध करतो की समान कशात, हे आधी ठरले पाहिजे. सारख्यांना असमान मिळाले तर भांडणे होतात, आणि सारखे नसलेल्यांना समान मिळाले तरीही होतात. देवाणघेवाणीत आणि नुकसानभरपाईत तो साधे अंकगणित लावतो: घेतले तेवढे परत. वाटपात मात्र प्रमाण लावतो, भूमितीतल्यासारखे: माणसा-माणसांत जसे नाते तसेच त्यांच्या वाट्यांत. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच भेद पुढे आपल्या ग्रंथात घेतला. पेपरात हे सगळे लिहून आम्ही चांगले गुण मिळवले. तांदळाच्या पोत्यांपुढे उभे राहिल्यावर मात्र चौथीतला भागाकार तेवढा आठवला.

अर्थात माणसामागे वाटले असते म्हणजे सारे बरोबर झाले असते, असेही नाही. तीनशे माणसांत तान्ही मुले होती आणि दिवसभर कौले शाकारणारे गडीही होते. काही घरांत तांदळाचे डबे भरलेले होते, काहींचे भिजून आंबले होते. प्रेषितांच्या कृत्यांत पहिली मंडळी वाटप करते ते प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे. पण गरज ठरवणार कोण? गरज मोजायला बसले की वशिला शिरतो, मोठ्या तोंडाच्या माणसाची गरज मोठी ठरते आणि लाजणारा उपाशी राहतो. म्हणून आपण घाईघाईने 'सर्वांना सारखे' या शब्दांचा आसरा घेतो. त्यात न्यायाची ओढ असते हे खरे, पण पुष्कळदा विचारपूस करण्याचा त्रास चुकवण्याचीही इच्छा असते. आमच्या बाबतीत निम्मे तरी तसे होते.

आपल्या किनाऱ्यावर या प्रश्नाचा विचार पुस्तकांशिवाय झालेला आहे. रापण पाहा. जाळे होडीतून समुद्रात अर्धवर्तुळात टाकले जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि दोन्ही बाजूंनी माणसे ते ओढत आणतात. होडीत जाणारे थोडे, दोर ओढणारे पुष्कळ. मासळीचे पैसे आले की त्यांचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, माणसांचे. प्रमाण जागोजाग वेगळे, ते त्या त्या रापणकरांनी आपसांत ठरवलेले. शाळेच्या हिशोबाने ही वाटणी विषमच. पण जाळ्याचा वाटा म्हणजे जाळे फाटेल तेव्हाची तरतूद हे सर्वांना माहीत असते, म्हणून त्यावर कोणी रुसत नाही. आणि या हिशोबाबाहेर आणखी एक रीत आहे. शेवटी शेवटी येऊन दोराला हात लावणारी म्हातारी माणसे, पोरे यांनाही घरापुरती मासळी मिळते. चार तारले, दोन बांगडे. त्याने किती बळ लावले हे कोणी मोजत बसत नाही. तो तिथे होता एवढे पुरते.

दावीद राजा होण्यापूर्वीची एक हकिकत शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, तिसाव्या अध्यायात आहे. त्याच्याबरोबर सहाशे माणसे होती. शत्रूचा पाठलाग करताना दोनशे इतकी थकली की बसोर ओढ्यापाशीच सामानाजवळ थांबली. चारशे पुढे गेली, लढली, लूट घेऊन परत आली. त्यांच्यातले काही म्हणू लागले, हे आले नाहीत, यांना वाटा कशाला? दावीदाने ऐकले नाही. लढाईत उतरणारा आणि सामान राखणारा यांना सारखा वाटा, असा त्याने नियमच घालून दिला. दावीद आपल्या किनाऱ्यावर आला असता तर रापणीची वाटणी त्याला समजावून सांगावी लागली नसती.

एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. रापण आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि समुद्रातल्या मासळीचे वाटे कसे पडावेत यावरून आपल्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यात बरीच वर्षे कटुता आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश काढला, तरी वाद संपला नाही. समुद्र सर्वांना सारखा खुला, असे म्हटले तर मोठ्या जाळ्याला मोठा घास मिळतो. आणि पुढच्या वर्षी जाळे टाकणाऱ्यांना आजच्या भाजकात धरायचे की नाही, हा प्रश्नही उरतोच. यावर आपल्या चर्चमध्ये उजव्या बाजूच्या बाकांवर एक मत आहे आणि डाव्या बाजूच्या बाकांवर दुसरे, म्हणून इथेच थांबतो.

माडांकडे परत येऊ.

दुसऱ्या दिवशी थोरल्याला बोलावून आम्ही बहिणीचे विचारले. तो गडबडला नाही. म्हणाला, "तिका लग्नात दिला मां. ती हक्कसोड करून देतली. फादर, तुमीच एकदा सांगा तिका, तुमचा ऐकतली." म्हणजे आमच्यासाठी काढलेल्या त्या एका माडाच्या सावलीत हे कामही होते. आम्हाला वाटत नाही की त्याने ते हिशोबाने केले असेल. मनात खुपत असले की माणूस देवाला काहीतरी देऊन टाकतो, आणि खुपायचे थांबते.

पहिल्यांदा आम्ही लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या प्रसंगाचा आडोसा घेतला. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो की माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, आणि येशू ते वाटप करण्याचे काम नाकारतो. आम्हीही म्हणालो, हे आमचे काम नाही, तुम्ही आपसांत बघा. पण येशू तिथे एवढे बोलून थांबत नाही, लगेच लोभाविषयी बोलतो, हे आम्ही सोयीने विसरलो. चार दिवसांनी पुन्हा बोलावणे पाठवले.

कायदा त्यांना सांगितला, तो तुम्हालाही सांगून ठेवतो, कारण आपल्यात याविषयी फार गैरसमज आहेत. आपल्याला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील, तर विधवेला किंवा विधुराला एक-तृतीयांश आणि उरलेले मुलांना. मुलगा-मुलगी भेद नाही, लग्न झालेली-न झालेली भेद नाही. केरळात जुन्या त्रावणकोर संस्थानच्या ख्रिस्ती लोकांना मात्र १९१६चा संस्थानी कायदा लावला जाई. त्यात मुलीला मुलाच्या वाट्याच्या पाव हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते. मेरी रॉय नावाच्या बाई त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. आपल्याकडच्या मुलींना असे न्यायालयात जावे लागले नाही, हक्क कायद्याच्या पुस्तकात पहिल्यापासून आहेच. आपण तो हक्कसोडपत्रावर सही घेऊन घरच्या घरी मिटवतो. बहिणीने समजून-उमजून, आनंदाने सोडले तर तो तिचा मोठेपणा. पण सही न केल्यास माहेरचे दार बंद होईल या भीतीने सोडले, तर त्याला दान म्हणता येणार नाही.

तिघांत वाटायचे म्हटले की जुनी माणसे सहज सांगत, रुपयात पाच आणे चार पै. जुन्या कागदांवर हिस्से असेच लिहिलेले सापडतात. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. त्याचे तीन भाग नेमके पडतात, चौसष्ट-चौसष्ट-चौसष्ट. १ एप्रिल १९५७ला शंभर पैशांचा रुपया आला आणि तिघांची वाटणी कायमची अडली: तेहेतीस, तेहेतीस, तेहेतीस आणि एक पैसा कोणाचा? पावकी-निमकी पाठ असलेल्या आजोबांच्या काळात तीन वारस ही काही अडचण नव्हती, असे गमतीने म्हणावेसे वाटते. पण बहीण त्यांच्याही कागदावर क्वचितच दिसते.

यंदाच्या मे महिन्यात बहीण मुंबईहून आली. आम्ही तिघांना एकत्र बसवले. थोरल्याने मान्य केले, तिघांत. पण मग नवाच प्रश्न. आठ-आठ म्हणजे सारखे का? पंचवीस माडांत काही जुने, जेमतेम नारळ धरणारे, काही ऐन भरातले, दोन शेजाऱ्याच्या कौलांवर कललेले. विहिरीजवळचे माड कोणाला हवे नाहीत? आकड्याने सारखे ते फळाने सारखे नव्हते.

यावर घराघरातल्या आयांना ठाऊक असलेला उपाय आहे. दोन मुलांत दोदोलाचा तुकडा वाटायचा असला तर एकाने कापायचा आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. कापणारा आपोआप नीट कापतो. अब्राहामाने लोटाला आधी निवडू दिले ते याच्याही पुढचे, कारण वडील असून त्याने निवडीचा मान सोडला. तिघे असले की हे अवघड होते. ह्यूगो स्टाइनहाउस नावाच्या पोलिश गणितज्ञाने १९४८ साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली रीत त्याचे सहकारी बानाख आणि क्नास्टर यांनी शोधलेली. पहिल्याने आपल्या मते नेमका तिसरा भाग कापायचा. दुसऱ्याला तो जास्त वाटला तर त्याने त्यातून थोडा छाटून उरलेल्यात परत टाकायचा, मग तिसऱ्यानेही तसेच. शेवटी ज्याने छाटले त्याने तो तुकडा घ्यायचा, आणि उरलेल्या दोघांनी बाकीचे कापा-आणि-निवडा रीतीने वाटून घ्यायचे. दोदोलाला हे छान लागू पडते. माड छाटून परत लावता येत नाहीत.

म्हणून आमच्या मंडळींनी साधेच केले. थोरल्याने तीन वाटे पाडायचे आणि स्वतः शेवटी उरेल तो घ्यायचा. बहिणीने पहिला उचलायचा, धाकट्याने दुसरा. थोरला दोन दिवस बागेत फिरत होता. चुन्याचा डबा घेऊन माडांना एक पट्टा, दोन पट्टे, तीन पट्टे ओढायचा, रात्री विचार करायचा, सकाळी खरवडून पुन्हा ओढायचा. बारा-बाराचा भागाकार त्याने दोन मिनिटांत केला होता. आता त्याला प्रत्येक माडाकडे मान वर करून पाहावे लागत होते, आणि बहिणीच्या जागी उभे राहून पाहावे लागत होते. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितले, झाले. बहिणीने विहिरीकडचा वाटा घेतला नाही. का, ते तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. धाकट्याने तो घेतला.

पंचविसाव्या माडाचा विषय निघाला तेव्हा थोरल्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, तिघांनी मिळून ठरवा, आणि ऑफिसबाहेर जाऊन उभे राहिलो. त्यांनी त्याचे नारळ विकून विहिरीच्या पंपाचे बिल भरायचे ठरवले, कारण विहीर काही तीन जागी तोडता येत नव्हती. चर्चला माड मिळाला नाही. सातबाऱ्यावर तिसरे नाव लागायचे आहे, तलाठ्याकडे अर्ज दिला आहे.

आता आपल्या घरचे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात वगळल्या जातात अशी कुरबुर होते, आणि वाटपासाठी सात जण नेमले जातात. त्या सातांची नावे वाचा, सातही ग्रीक आहेत. ज्या बाजूची तक्रार होती त्याच बाजूच्या हातात पळी दिलेली दिसते. आपल्याकडे धान्यवाटपाची यादी आजवर आम्ही आणि मंडळाचे दोघे-तिघे बसून करत होतो. या वेळी प्रत्येक वाडीतल्या दोन बायांनी घरोघर फिरून ती केली आहे, आणि त्यांत त्या नऊ माणसांच्या घरची सूनही आहे. यादी चर्चच्या मागच्या दाराजवळ लावली आहे. घराच्या नावापुढे माणसांचा आकडा आणि त्यापुढे 'विशेष अडचण' असा रकाना आहे. तो चारचौघांत भरायचा नसेल तर रिकामा ठेवा आणि आमच्याशी बोला. ज्यांचा आकडा चुकला असेल, जास्त असो वा कमी, त्यांनी येत्या शनिवारपर्यंत ऑफिसात सांगावे.